झेंडा मी खाली केला

नामदेव,

शाळेच्या पडवीत तुझी शोकसभा झाली, त्याला आज तीन दिवस झाले. आलापल्लीचे, अहेरीचे, आष्टीचे, तिन्हीकडचे सायकलवाले आले होते. जो उठला तो तुझ्या वेगाबद्दल बोलला. तू चढावर सीटवरून कसा उठायचास, पायडल मारताना ओठ कसा चावायचास, हेच सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. संघाचा चिटणीस म्हणून शेवटी मी बोलायचं होतं. उभा राहिलो, ‘नामदेव’ एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, कंपौंडरभाऊंचा गळा दाटला. गळा दाटला नव्हता, नामदेव. जे सांगायचं होतं ते त्या पडवीत सांगायची छाती नव्हती. ते आता तुलाच लिहितो. त्यातलं बरंच तुला ठाऊक आहे. सगळं नाही.

संघ तुझ्याच डोक्यातून निघाला. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की आष्टीची नाव बंद. तिकडे प्राणहिता, खाली इंद्रावती. चांद्याचं वर्तमानपत्रसुद्धा आठ-आठ दिवस यायचं नाही. तू टपालाची रिकामी थैली मांडीवर घेऊन आलापल्लीच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसायचास आणि म्हणायचास, “भाऊ, आपला देशच वेगळा हाये. चारी आंगानं पानी. मंग आपल्या देशाले एक संघ नोको?”

मी हसलो होतो. पण तू तीन गावं पालथी घातलीस. वनरक्षक, मास्तर, लाकडाच्या डेपोतले मोजणीवाले, ज्याच्याकडे म्हणून सायकल होती त्याला धरून आणलंस. त्यातल्या निम्म्या सायकलींना ब्रेक नव्हते. ‘वैनगंगापार सायकल संघ’ हे नाव तूच दिलंस. नागपूरच्या प्रांतिक संघाला आपण पहिलं पत्र पाठवलं, तर त्यांनी उलट विचारलं की हा ‘पार’ नेमका कोणत्या मुलखात येतो. ते पत्र तू महिनाभर टोपीत घालून फिरलास. ज्याला-त्याला दाखवायचास. “पाहा, आपला देश त्यायच्या नकाशात बी नाई!”

आणि मला चाळिशीत सायकल शिकवलीस, ती वेगळीच. अहेरीच्या रस्त्यावर मागून कॅरियर धरून धावायचास. मी घाणेरीच्या झुडपात पडलो, धोतर फाटलं, हाताला ओरखडे आले, तर तू मला उचलण्याआधी सायकलचं चाक वाकलं का ते पाहिलंस. मी रागावलो. तू म्हणालास, “तुमच्यापाशी औषध हाये भाऊ. चाकापाशी काय हाये?” त्या दिवसापासून मी तुझा झालो, एवढं सांगतो.

आता नवव्या कलमावर येतो.

मागच्या वर्षीच्या शर्यतीत लगाम गावचा एक वनरक्षक अंगात ताप घेऊन उतरला होता. उतारावर त्याला भोवळ आली, सायकलसकट नाल्यात गेला, खांद्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात तू बैठक बोलावलीस आणि स्वतःच्या हाताने लिहिलंस: ‘मागील पंधरा दिवसांत ज्यास हिवताप आला असेल त्याने शर्यतीत उतरू नये. दवाखान्याच्या वहीत नाव असल्यास चिटणिसाने त्यास थांबवावे.’ अहेरीचा व्यंकटी उठला. तुझ्याइतका जोरात चालवणारा तोच एक. तो म्हणाला, “अन्ना, इकडे ताप नाई आला असा मानूस कुठी भेटंल? असं केलं तं संघच बंद पडंल.”

“पडू दे,” तू म्हणालास. “मानूस मेला तं संघ का चाटाचा हाये?”

ते कलम सगळ्यांनी हात वर करून मंजूर केलं. माझाही हात वर होता.

यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला. नंतर ऊन पडलं तेही कसलं, ओलसर, पिवळट. सागाच्या पानांना कीड लागली. किडीने पानांतला गर खाऊन नुसत्या शिरा ठेवल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणती ती तपकिरी जाळी लोंबत होती. वारा आला की कोरडा आवाज यायचा. डॉक्टरसाहेब सकाळी दवाखान्याच्या दारात उभे राहून रांगेकडे पाहायचे आणि आत यायचे. रोज रांग वाढायची. मग एक दिवस ती कमी झाली. मला बरं वाटलं. साहेब म्हणाले, “कमी झाली म्हणजे चालत येण्याची ताकद राहिली नाही, कंपौंडर.”

त्याच आठवड्यात तू जंगलातल्या वस्तीवरून, आतल्या टोल्यावरून परत आलास. थैलीतली पत्रं तशीच होती. मी विचारलं, तर तू सायकलच्या चेनला तेल देत राहिलास.

“बारा घरं हायेत तिथी,” मग म्हणालास. “दुपार झाल्ती. एका बी घरातून धूर नाई. मी घंटी वाजवली. एक म्हातारी दारात आली, कागद घेतला नाई. ज्याचा कागद होता तो मेला म्हने. बाकीचे पडून राह्यले. कुत्रे बी भुकले नाई, भाऊ.”

तू सांगत होतास आणि मी तुझ्या हाताकडे पाहत होतो. तेल चेनवर न पडता मातीत पडत होतं.

चार दिवसांनी भर दुपारी तू मागच्या दाराने आलास. ऊन रणरणत होतं आणि तुझे दात वाजत होते. मी हात लावला तर अंग तव्यासारखं. वही ओढली, तर तू माझं मनगट धरलंस.

“नोंद करू नोका.”

“नामदेव, कलम तूच लिहिलंय.”

“म्हनूनच म्हनतो, नोंद करू नोका.”

शर्यतीला तीन आठवडे होते. यंदा प्रांतिक संघाचा निरीक्षक स्वतः येणार होता. शर्यत नीट पार पडली तर संघाला संलग्नता मिळणार होती, आणि जो पहिला येईल तो नागपूरच्या निवडीला जाणार होता. आपल्या बाजूचा पहिलाच माणूस. ढिवराचा मुलगा, ज्याच्या बापाने उभा जन्म वैनगंगेत जाळं टाकलं, तो प्रांताच्या माणसांत उभा राहणार होता. हे तू म्हणाला नाहीस. मीच मनात म्हटलं. आणि मी तुला कागदात बांधून क्विनाईनच्या गोळ्या दिल्या. वहीत काही लिहिलं नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही.

ताप उतरला की तू गोळ्या बंद करायचास. पुन्हा आला की घ्यायचास. मी सांगितलं, असं अर्धवट घेऊ नकोस, साहेब प्रत्येक रोग्याला बजावतात, हे औषध धरसोडीने घेतलं तर या जंगलात कधी कधी रक्तावरच उलटतं. लगामच्या अलीकडे एका झाडाखाली तू मला सापडलास, टपालाची थैली अंगावर ओढून पडलेला. उठवून बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, “पुरे झालं. मी आता नाव लिहितो.”

तू माझ्याकडे पाहिलंस. डोळे लाल होते, पण आवाज शांत.

“भाऊ, तापात मी रोज डाक नेतो. आज बी नेऊन राह्यलो. तवा मले कोनी इचारत नाई का ताप हाये का. पोट भराच्या सायकलले ताप चालते. मानाच्या सायकललेच काऊन चालत नाई?”

 याचं उत्तर मला आजही येत नाही. त्या दिवशी उत्तर नसल्यामुळे मी गप्प बसलो आणि गप्प बसणं म्हणजे तुझ्या बाजूने उभं राहणं, असं मला वाटलं. खिशातून आणखी एक पुडी काढून तुझ्या हातात ठेवली.

शर्यतीची सकाळ तुला आठवत असेल. आष्टीच्या घाटावर इतकं धुकं होतं की पलीकडचा गोंडपिपरीकडचा काठ दिसत नव्हता. नदी उतरली होती, पांढरी रेती उघडी पडली होती. निरीक्षक मफलर गुंडाळून उभा होता. सगळे ओळीत लागले. तू नव्हतास. मी शोधत काठाकडे आलो, तर तू करंजाच्या झाडाआडून बाहेर येत होतास. माझी नजर तुझ्यामागे गेली. पांढऱ्या रेतीवर डाग होता. काळा. चहाच्या भांड्याचा तळ ओतावा तसा.

मी अठरा वर्षं दवाखान्यात आहे. तो डाग काय असतो ते मला कुणी सांगावं लागत नाही. साहेबांनी एकदा अशी काळी लघवी बाटलीत धरून दाखवली होती. असा माणूस खाटेवरून हलवायचासुद्धा नसतो, असं तेव्हा ते म्हणाले होते.

“नामदेव, हे कधीपासून?”

“काल सकाळपासून.” तू टोपी नीट केलीस. “भाऊ, वापस गेल्यावर बोलू. आता झेंडा धरा.”

आणि हसलास. तुझे दात पांढरे आणि डोळ्यांचे कोपरे हळदीसारखे पिवळे.

शर्यत सुरू करायचा झेंडा माझ्या हातात दिला होता, कारण चिटणीस मी. निरीक्षकाने घड्याळ पाहिलं, मान हलवली. तू ओळीत उभा राहिलास, व्यंकटीच्या शेजारी. व्यंकटीने तुझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्याला काहीतरी दिसलं असावं. तो वाट पाहत होता, मी काही बोलतो का. ‘थांबा’ एवढा एकच शब्द होता. तो बोललो असतो तर तू मला जन्मभर माफ केलं नसतंस. जन्म मात्र राहिला असता.

झेंडा मी खाली केला.

मी आणि निरीक्षक सरकारी ट्रकमधून मागे निघालो. धुकं विरत होतं, सागाची ती जाळी दोन्हीकडून लटकत होती. निरीक्षक नागपूरच्या पक्क्या रस्त्याबद्दल काहीबाही सांगत होता. मी रस्त्याकडे पाहत होतो. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता दिसेल. दिसायचं नाही, मग वाटायचं, चुकलं असेल माझं, रेतीच ओली असेल. लगाम मागे पडलं, आता आलापल्लीच उरली होती. सुटकेचा श्वास घेतला, एवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

तुझी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी होती. व्यंकटीची उभी, झाडाला नीट टेकवलेली. तो मातीत बसला होता आणि तुझं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तुला सावली पडावी म्हणून त्याने आपला सदरा काढून दोन्ही हातांनी वर धरला होता. बाकीचे सगळे पुढे निघून गेले होते.

“मी मागंच होतो,” तो म्हणाला. “डोलून राह्यला होता. मी म्हनलं, अन्ना, उतर. तं म्हनते, तू जा, तू जा. मंग पडला.” आणि मला एकट्याला ऐकू जाईल असं, “तुमाले माईत होतं ना?”

मी तुला उचलू लागलो. 

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी बाटली उजेडात धरली आणि खाली ठेवली. माझ्याकडे न पाहता विचारलं, “याने क्विनाईन घेतलंय. धरसोडीने घेतलंय. वहीत नाव नाही. कोणी दिलं याला?”

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला, पुन्हा उचलला. आणि तू, ज्याला दोन तासांत एक शब्द बोलता आला नव्हता, तू डोळे उघडलेस.

“बजारातून घेतल्ती साहेब. वेंकटापूरच्या बजारातून.”

साहेब तुझ्यावर चिडले. मरणाऱ्या माणसावर, नामदेव. म्हणाले, तुम्हा लोकांना किती सांगायचं. तू ऐकून घेतलंस. ते गेल्यावर मी जवळ आलो, तर तू मान हलवलीस, बोलू नका अशी. नोकरी जाईल माझी, हे तू त्या अवस्थेत विचारात घेतलंस. मी तुझ्या जिवाचा विचार झेंड्याच्या वेळी केला नाही, आणि तू माझ्या भाकरीचा केलास. हे उपकार मला पेलत नाहीत. परत कुणाला करायचे तेही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. शेवटी लघवी बंद झाली होती आणि तू शुद्धीत नव्हतास. तुझ्या कारभारीण सगुणाबाई पायाशी बसल्या होत्या. मी मिश्रणाची बाटली हलवत होतो, कोणासाठी ते आठवत नाही.

संलग्नतेचं पत्र आलं. निरीक्षकाने जाताना व्यंकटीकडे बोट करून सांगितलं होतं, “शर्यत सोडून थांबला तो माणूस पाठवा.” सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं असतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. सगुणाबाई अंगणात जाळं पसरून फाटलेले फासे गाठत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पुड्या, झाड, रेती, तू डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. त्यांनी हात थांबवला नाही.

“पुड्याचं मले माईत होतं,” त्या म्हणाल्या. “कागद मीच चुलीत टाकत होती. मले बी म्हने, कोनाले सांगू नोको. मी बी नाई सांगतलं. त्यानं मागतल्या, तुमी देल्ल्या. ते मी धरत नाई भाऊ.”

गाठ दातांनी ओढून त्यांनी वर पाहिलं.

“पन रेतीवर पाहून बी तुमी झेंडा काऊन पाडला?”

मी काय सांगणार होतो? तुझी हौस? तूच म्हणालास म्हणून? की निरीक्षक उभा होता, संघाचं नाव होतं, आणि क्षणभर मलाही तू पहिला यायला हवा होतास? हे शेवटचंच खरं आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो. मलाही तू पहिला यायला हवा होतास.

त्या पुन्हा जाळ्यावर वाकल्या. ‘बसा’ म्हणाल्या नाहीत, ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. मी परतलो.

काल दुपारी दवाखान्याचं मागचं दार वाजलं. व्यंकटी होता. अहेरीहून सायकलने आला होता आणि दाराची चौकट धरून उभा होता. चौकट हलत होती.

“दोन दिवस झाले,” तो म्हणाला. “येत्या सोमवारी नागपूरले निघाचं हाये. भाऊ, मले त्या गोळ्या देऊन टाका. जशा अन्नाले देल्ल्या.”

त्याला माहीत होतं म्हणजे. सगळ्यांनाच माहीत असावं, मी उगाच लपवत होतो.

मी त्याचा दंड धरला. त्याला वाटलं, आत बसवतो आहे. मी त्याला सरळ डॉक्टरसाहेबांच्या खोलीत नेलं, वही उघडली आणि त्यांच्यासमोर त्याचं नाव लिहिलं. व्यंकटीने हात झटकला. “तुमी लिहिलं? अन्नाचं नाई लिहिलं, अन् माहं लिहिलं?”

“हो,” मी म्हणालो.

मग साहेबांना सांगितलं की वेंकटापूरच्या बाजारात कोणी काही विकलं नव्हतं, पुड्या माझ्या होत्या.  साहेबांनी लेखणी ठेवली, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “लेखी द्या.”  मी आज सकाळी लेखी दिलं. काय होईल ते होईल. बदली, बडतर्फी, काहीही.

संघाची बैठक आज तिसऱ्या प्रहरी झाली. नववं कलम वाचलं गेलं, कोणी वाद घातला नाही. प्रांतिक संघाला कळवायचं ठरलं की यंदा वैनगंगापारचा कोणीही येणार नाही. पत्र मीच लिहिलं, कारण मी पद सोडलं तरी नवा चिटणीस व्हायला कोणी तयार नव्हतं. बाहेर अजून तीच हवा आहे. आष्टीकडून आलेल्या माणसाने सांगितलं, तिकडे आणखी दोन घरं बंद झाली.

व्यंकटी आतल्या खाटेवर आहे. भिंतीकडे तोंड करून पडलाय, माझ्याशी बोलत नाही. सकाळी वेळेवर गोळी दिली, दुपारी दिली, आता पुन्हा देईन. तोंडात टाकेपर्यंत समोर उभा राहतो. मघाशी पेजेची वाटी ठेवून वळलो, तर मागे भांडं वाजलं. पाहिलं नाही मी मुद्दाम. परत गेलो तेव्हा वाटी रिकामी होती.

तो जगेल, नामदेव. मला शिव्या देत जगेल.